हे कुत्रं किती जगतं हो?

आमच्या राणीला फिरायला नेलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "हिला खायला घालत नाही का?" आणि दुसरा, "ही जात किती वर्षं जगते?" राणी कारवानी आहे. लातूर-सोलापूरकडे कारवानी म्हणतात, कर्नाटकात गेलं की तीच मुधोळ होते. वजन पंचवीस किलोच्या आत-बाहेर, बरगड्या मोजून घ्याव्यात, पोट पाठीला लागलेलं. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचा आता राग येत नाही. गंमत म्हणजे त्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नातही आहे.

२००२ साली लॅब्रेडॉर कुत्र्यांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ४८ पिल्लं, एकाच वेतातल्या भावंडांच्या २४ जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं निघालं, पोटभर खाणाऱ्यांचं ११.२. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि सांधे आखडायला लागले तेही उशिरा! तेव्हा बरगड्या दिसणं हे कारवानीचं दुखणं नव्हे, ठेव आहे.

दुसरी गोष्ट आकार. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, पण कुत्र्यांच्या जातींमध्ये हे गणित उलटं चालतं. २०१३ च्या एका अभ्यासात ७४ जाती तपासल्या, तेव्हा दर दोन किलो वजनामागे आयुष्य साधारण एक महिन्यानं कमी होतं असं दिसलं. मोठी कुत्री लवकर म्हातारी होतात. शिकारी कुत्र्यांतच बघा ना. सडपातळ व्हिपेट तेरापर्यंत सहज जातो आणि लांडग्यांसाठी घडवलेला धिप्पाड आयरिश वुल्फहाउंड बहुधा दहाच्या आतच आटोपतो. त्याला हृदयाचे आजार आणि हाडांचा कॅन्सर जास्त. या हिशेबानं कारवानीचं शरीर तसं दीर्घायुषीच म्हणायला हवं: मध्यम आकार, लांब नाक, अंगावर चरबी नाही.

मग अडतं कुठे?

एक ठिकाण मला गेल्या वर्षी कळलं. राणी आठ वर्षांची, स्तनाजवळ गाठ आली. ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर रिपोर्टभर ठळक आकडे. थायरॉइड कमी, क्रिएटिनिन जास्त, प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन वर. एका दवाखान्यात सांगितलं, मूत्रपिंडं गेलीत, ऑपरेशन झेपणार नाही, आणि थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागद हातात घेतला आणि आधी विचारलं, "कुठल्या कुत्र्याचा रिपोर्ट आहे हा?" मी म्हटलं कारवानी. "मग बसा," म्हणाल्या.

प्रकार असा आहे की रिपोर्टवरची 'नॉर्मल रेंज' सगळ्या कुत्र्यांची सरासरी धरून काढलेली असते. आमच्या भाषेत डिफॉल्ट कॉन्फिगरेशन. ग्रेहाउंड आणि त्याच्या भाऊबंदांना ते लागूच पडत नाही. पळण्यासाठी घडवलेल्या शरीरात तांबड्या पेशी भरपूर, स्नायू जास्त म्हणून क्रिएटिनिन वर, प्लेटलेट थोड्या, आणि थायरॉइडचा टी-४ निरोगी असतानाच खाली. ग्रेहाउंडमध्ये हे नीट मोजलं गेलंय, आणि सलुकी, स्लूगी, व्हिपेट यांच्यातही टी-४ कमीच भरतो. बाईंनी लघवी तपासली, ती व्यवस्थित होती. मूत्रपिंडं ठणठणीत!

भुलीचंही तसंच. थायोपेंटोन दिलं तर इतर कुत्री उठून बसतात तेव्हा ग्रेहाउंड कित्येक तास झिंगलेलाच असतो. अंगात चरबी नाही आणि यकृत ते औषध हळू मोडतं. शिवाय ऑपरेशन सुरळीत झालं तरी एक-दोन दिवसांनी जखमेतून रक्त झिरपायला लागण्याचा धोका. म्हणून बाईंनी दुसरी भूल वापरली आणि राणीला दोन रात्री स्वतःच्या नजरेखाली ठेवलं. गाठ साधी निघाली. मी मात्र त्या दोन रात्रींत किती चहा प्यायलो त्याचा हिशेब नाही :)

असो. ही झाली शहरातली गोष्ट. अहमदपूरकडे माझा मामा पूर्वीपासून कारवानी पाळतो. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, आता ही कुत्री शेत राखतात. तिथे त्यांना म्हातारपणच्या आजारापर्यंत पोचूच देत नाहीत अशा गोष्टी वेगळ्या. कठडा नसलेली विहीर. गोचिडांचा ताप. न टोचलेली लस. रानडुकरांसाठी ठेवलेलं विष. मे महिन्यातली भरदुपारची धाव, कारण नुसत्या शर्यतीच्या पळण्यानंच अशा कुत्र्याचं अंग ४१ अंशांवर जातं, वर लातूरचं ऊन. आणि डोळ्यानं शिकार धरणारं हे जनावर एकदा समोरच्या पळत्या ठिपक्यावर नजर लागली की बाकी काही बघत नाही, रस्ता नाही, ट्रक नाही. मामाचा वाघ्या चार वर्षांचा असताना डुकरामागे धावला आणि कुणीतरी पिकाभोवती सोडलेल्या करंटच्या तारेत गेला.

याहून मला जास्त खटकतं ते माणसानं ठरवलेलं वय. इंग्लंडमधल्या कोल्ह्याच्या शिकारीच्या कळपांत हाउंड सहा ते आठ वर्षांचा झाला, कळपाबरोबर पळेना झाला, की त्याला गोळी घालायची रीत. कुत्रं आजारी नसायचं, फक्त मागे पडायचं. २००५ मध्ये तिथे शिकारबंदीचा कायदा लागू झाला तेव्हा या कळपांचं काय होणार म्हणून गळे काढणाऱ्यांत कळपवालेही होते, हे विशेष. स्पेनमध्ये सशांमागे सोडतात ते गाल्गो. हंगाम संपला की फेब्रुवारीत ते ढिगानं रस्त्यावर येतात. २०२३ मध्ये तिथे प्राणीकल्याणाचा नवा कायदा झाला, आणि त्यातून नेमकी शिकारी कुत्रीच वगळली! मग सांगा, गाल्गो किती वर्षं जगतो याचं उत्तर जीवशास्त्राच्या पुस्तकात कसं सापडणार?

मामाकडे वाघ्याचाच भाऊ होता, मोती. पिल्लू असताना बैलगाडीच्या चाकाखाली त्याचा मागचा पाय सापडला, तो वाकडाच राहिला. मोती कधी धड पळला नाही, त्यामुळे विहीर, तार, रस्ता कशाच्याच वाटेला गेला नाही. तेरा वर्षं जगला. शेवटच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा लिंबाखाली पडून होता. बांधावरून ससा गेला, याने मान उचलून दिसेनासा होईपर्यंत पाहिला आणि परत मान खाली ठेवली. मामा म्हणाला, "रोजच बघतोय बघ असं. वाघ्या असता तर कवाच उठला असता."