हरणाऱ्यांची भाऊबंदकी

कलकत्त्याच्या उकाड्यात रग्बी रुजलंच नाही. पोलो-टेनिसची ओढ आणि बदलून गेलेली पलटण यांनी तिथला क्लब पाच-सहा वर्षांत रिकामा केला. उरलेल्या सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते वितळवून चषक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. तीन मुठी म्हणजे तीन नाग, झाकणावर हत्ती. या चषकासाठी क्लबांची वार्षिक स्पर्धा व्हावी, ही त्यांची इच्छा युनियनने मानली नाही. चषक इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला जोडला. १८७९ मध्ये एडिंबरात पहिली लढत झाली, तीही बरोबरीत सुटली.

आजच्या ‘सिक्स नेशन्स’ या सहा राष्ट्रांच्या रग्बी स्पर्धेची गुरुकिल्ली मला त्या नकारात दिसते. १८८३ मध्ये चौघांत सुरू झालेली ही स्पर्धा गुणवत्तेच्या चाळणीपेक्षा भाऊबंदकीच्या जवळची आहे. हरला म्हणून भाऊबंद घराबाहेर जात नाही. नंतर आलेल्या फ्रान्सला वाळीत टाकलं ते १९३१ मध्ये, इंग्लंडला पॅरिसमध्ये १४-१३ असं हरवलं त्याच वर्षी! आरोप होता चोरून पैसे देण्याचा आणि मैदानावरच्या दांडगाईचा. उलट २००० मध्ये आलेली इटली पुढे या स्पर्धेतले सलग ३६ सामने हरली, तरी तिची जागा कुणी मागे घेतली नाही. मार्च २०२२ मध्ये कार्डिफला अखेरच्या मिनिटांत इटलीचा कापुओत्सो अंग चोरत बचावफळीतून निसटला, पादोवानीने ट्राय केला, गारबिसीने त्यावर दोन गुण जोडले आणि वेल्स २२-२१ ने हरलं.

यावर स्पर्धेबाहेरच्या जॉर्जियाकडे बोट दाखवलं जातं, आणि ते रास्तच आहे. त्याच २०२२ मध्ये तिने इटलीला आणि कार्डिफमध्ये वेल्सलाही हरवलं; तरी दार बंदच. त्यामागे तिकिटांचा आणि प्रक्षेपणाचा पैसा नाही असं कोण म्हणेल? जॉर्जियाला सातवं पान वाढावं, हे मला पटतं. पण तळाच्या संघाला काढायचा नियम केला, तर एखाद्या वर्षी इंग्लंड-स्कॉटलंडच भेटणार नाहीत, आणि मग तो चषक कशासाठी? तो भाऊबंदांचाच आहे: १९८८ च्या सामन्यानंतर एका इंग्लिश आणि एका स्कॉटिश खेळाडूने मिळून तो एडिंबराच्या रस्त्यांवर फिरवून पार चेपवला. इंग्लंडने आपल्या माणसावर एका सामन्याची बंदी घातली, स्कॉटलंडने सहा महिन्यांची.