ठिपका कुठल्या कामाचा?

"पोरी, फवारणी तर मी पाडव्यानंतर केली. ही इथं पाडव्याच्या आधी कशी आली?"

२०२५चा एप्रिल होता. निमोण्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर तात्या, माझे चुलते, मोबाईल लांब धरून कांद्याच्या नोंदी वाचत होते. पीकनोंदीचं ते वेब ॲप्लिकेशन आमच्या टीमचं. त्यातली टाइमलाइन मी घरूनच लिहिली होती: डावीकडे तारीख, मधे उभी रेघ, रेघेवर ठिपका, उजवीकडे केलेलं काम. ताजी नोंद सगळ्यात वर. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता आणि तात्यांनी फवारणी केली १ एप्रिलला. स्क्रीनवर मात्र फवारणीसमोर २४ मार्चचा ठिपका दिसत होता.

मी मोबाईल हातात घेतला आणि पोटात गोळा आला. डेटाबेसमधली तारीख बरोबर होती. चूक फक्त मांडणीची होती. पण फवारणी आठ दिवस आधीची दिसली, तर काढणी आठ दिवस लवकर होऊ शकते. औषधाच्या माहितीपत्रकात फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं. तो हिशोब माझ्या ठिपक्याने बिघडवला असता.

कारण तासाभरात सापडलं. तारखा आणि ठिपके मी एका रकान्यात ठेवले होते, कामं दुसऱ्या. ठिपक्यांमधलं अंतर ठरलेलं, ६४ पिक्सेल. डिझाइनमधल्या नमुन्यात प्रत्येक काम एकाच इंग्रजी शब्दाचं होतं, म्हणून सगळं समोरासमोर बसलं. तात्या एका शब्दात कशाला लिहितील? ६ एप्रिलची त्यांची नोंद होती, 'शेवटचं पाणी, मधेच रात्रीची लाईट गेली, खालचे दोन वाफे राहिले.' तिच्या तीन ओळी झाल्या. तिच्याखालचं प्रत्येक काम खाली सरकलं, तारखा मात्र जागेवरच राहिल्या. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणलेल्या जेधे शकावली या जुन्या तारीखवार टिपणात हे होऊच शकत नाही, कारण तिथे शक, महिना, तिथी आणि घटना एकाच दमात लिहिलेल्या असतात. मी त्यांची ताटातूट केली होती.

म्हणून आधी दोन रकाने मोडले. तारीख, ठिपका आणि काम तिघांना एका ओळीत बांधलं; काम कितीही लांबलं तरी तारीख त्याच्याबरोबरच राहील. त्यातून दुसराच घोळ निघाला. '१ एप्रिल' छोटी, '१४ फेब्रुवारी' लांब. प्रत्येक ओळ आपापल्या तारखेपुरती जागा घेऊ लागली आणि उभी रेघ नागमोडी झाली. इथे सबग्रिड कामाला आलं. आतल्या ओळींनी स्वतःची मापं न ठरवता बाहेरच्या ग्रिडचेच रकाने वापरायचे, अशी ती सोय आहे. क्रोममध्ये ती सप्टेंबर २०२३मध्ये आली. सगळ्यात लांब तारखेएवढा रकाना सगळ्यांना मिळाला आणि रेघ ओळंब्यात आली. ओळींमधली मोकळी जागा मार्जिनऐवजी पॅडिंगने दिली, तेव्हा रेघेतली खिंडारंही बुजली.

खरा वेळ गेला तो ठिपका उभ्या दिशेने बसवण्यात. मधोमध ठेवला, तर तीन ओळींच्या नोंदीत तो दुसऱ्या ओळीसमोर जायचा. वर चिकटवला, तर अक्षरांच्याही वर. मी अंदाजाने ६ पिक्सेल खाली घेतला. माझ्या लॅपटॉपवर छान दिसला, तात्यांच्या मोबाईलवर पुन्हा चुकला. त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली. अक्षर वाढलं, माझे ६ पिक्सेल तेवढेच राहिले. मग माप ओळीच्या उंचीवरूनच काढलं. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाची मांडणी लिहायच्या भाषेत, 'एलएच' नावाचं एकक आहे, म्हणजे एका ओळीची उंची; तिच्यातून ठिपक्याची उंची वजा करून निम्मं अंतर वरून सोडलं. जुन्या ब्राउझरसाठी तोच हिशोब अक्षराच्या आकारावरून मांडून ठेवला.

तरीही ठिपका डोळ्याला खुपतच होता. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, आपली शिरोरेषेला लोंबकळतात. फॉन्टच्या जगात अशा लिप्यांसाठी वेगळी 'हँगिंग' आधाररेषा मानतात, ती यामुळेच. वर वेलांटी आणि रेफ, खाली उकार. या सगळ्यांसाठी जागा राखून ओळीची उंची ठरते, पण वाचताना नजर शिरोरेषा आणि अक्षराच्या पायामधल्या पट्ट्यावर टिकते. ठिपका त्या पट्ट्याच्या मध्यावर हवा. 'खुरपणी', 'फवारणी', 'काढणी' हे शब्द एकाखाली एक लावून मी तो केसभर सरकवत राहिले. आमच्या टीममध्ये मराठी मजकुरावर हे तपासण्याचा आग्रह मी आधीच धरायला हवा होता. आता प्रत्येक घटक मी आधी लांब मराठी वाक्य घालून, अक्षरं दुप्पट करून बघते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईल पुन्हा तात्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने यादी हळूहळू सरकवली, फवारणीपाशी थांबले, ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तारखेपर्यंत आडवं नेलं.

"एक एप्रिल," ते म्हणाले. मग बोटांवर दिवस मोजले आणि आत हाक मारली, "बायांना एवढ्यात सांगू नका गं. काढणीला अजून थांबायचंय."