तांबडी रेघ

नगरपालिकेच्या नकाशाखान्यात आरेखक म्हणून मी लागलो, तेव्हा माझे वय बावीस वर्षांचे होते. माझा हात चांगला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. एके दिवशी वरिष्ठांनी जुन्या पेठेचा नकाशा माझ्यापुढे पसरला आणि बाजारापासून वेशीपर्यंत सरळ रस्ता आखावयास सांगितले. मी पट्टी लावली, लेखणी तांबड्या शाईत बुडविली आणि एका दमात रेघ ओढली. वरिष्ठ प्रसन्न झाले. त्या रेघेखाली एकतीस घरे, एक विहीर आणि ज्या ओसरीवर बसून मी पाढे शिकलो ती ओसरी आली आहे, हे माझ्या ध्यानात आले ते रात्री अंथरुणावर पडल्यावर!

त्याच सुमारास वाचनालयात एक इंग्रजी ग्रंथ हाती लागला. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने हिंदुस्थानातील शहरांविषयी जे अहवाल लिहिले, त्यांतील निवडक भाग १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले होते. तो ग्रंथ मी दोनदा वाचला.

गेडिस यांचा जन्म १८५४ सालचा. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. तरी ते प्राध्यापक झाले. विवाहानंतर १८८७ साली ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या आणि गलिच्छ वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी तेथे भिंतींना चुना दिला, अंगणे झाडली, खिडक्यांत फुलझाडे लावली. गरिबांची वस्ती दुरून पाहून सुधारत नाही, असे त्यांचे मत होते. पुढे १८९२ मध्ये त्यांनी एक जुना मनोरा घेतला. पाहुण्याला ते प्रथम थेट गच्चीवर नेत, आपले गाव डोळे भरून पाहावयास लावीत, आणि मग एकेक मजला खाली उतरत गाव, देश, जग अशा क्रमाने ज्ञान देत. भूगोल शिकविण्याची ही रीत आमच्या गुरुजींना ठाऊक असती, तर मी त्या विषयात खचित नापास झालो नसतो.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्याच्या योजना त्या काळी ठिकठिकाणी आखल्या जात होत्या. तंजावरात गेडिस यांनी अशा योजनेला स्पष्ट विरोध केला. ते गल्लीगल्लीतून पायी हिंडत. कोठे एखादे पडके घर काढावे, कोठे कोपरा मोकळा करावा, एखादे झाड लावावे. बाकीची घरे मात्र जागची हलवू नयेत, अशी त्यांची पद्धत होती. जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणतात, तशी ती होती.

परंतु मला सर्वांत भावली ती इंदूरची हकीकत. १९१७ साल होते. त्याच वर्षी त्यांचा मुलगा फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला आणि पत्नी कलकत्त्यास निवर्तली. इंदुरात प्लेगची साथ होती. लोक या दाढीवाल्या साहेबाकडे संशयाने पाहत. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था दरबाराकडून आपल्या हाती मागून घेतली आणि जाहीर केले, की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील घरे अधिक स्वच्छ असतील, त्या रस्त्याने ती जाईल. झाले! घरोघरी झाडलोट, रंगरंगोटी सुरू झाली. गाड्याच्या गाड्या केर शहराबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती होते, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि झाडूवाले होते, पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार, झाडूंना फुले. ज्यांची सावली लोक टाळीत, त्यांना शहराने त्या दिवशी मिरवणुकीत मानाने चालताना पाहिले. शेवटी त्या उंदराचे दहन झाले. प्लेग हटला, त्याचे श्रेय बहुधा ऋतूलाही द्यावे लागेल. पण घरे स्वच्छ झाली होती, ती लोकांच्या हातांनी.

पुढे १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. विख्यात समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांना विलायतेस शिकण्यासाठी पाठविण्यात त्यांचा हात होता.

ग्रंथ परत केला त्या दिवशी मी नकाशा बगलेत मारून पेठेत गेलो. आठ दिवस सकाळसंध्याकाळ हिंडलो. दोन पडक्या वाड्यांची जागा घेतली आणि रस्ता तीन ठिकाणी किंचित वळविला, तर बहुतेक घरे वाचत होती. नवी रेघ पाहून वरिष्ठ म्हणाले, “तुमचा हात कापू लागला काय हो?” पुष्कळ वादानंतर त्यांनी एक वळण मान्य केले. ते विहिरीजवळचे होते. विहीर राहिली, ओसरी राहिली आणि आसपासची चोवीस घरे राहिली.

उरलेली सात गेली. त्यांत आमच्या घरचे कपडे शिवणाऱ्या शिंपीकाकांचे घर होते. सामान हातगाडीवर चढवून झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “रेघ वळते म्हणतोस ना? मग माझ्या घरापाशी का रे वळली नाही?”

मी हातगाडीला मागून हात लावला आणि वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो.