२३० चौरस फूट

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं डोंबिवलीतल्या वन-आरकेत राहायला जातोय. कार्पेट २३० चौरस फूट. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार यात आतल्या भिंतींची जागाही धरतात, बाल्कनी नाही. आम्हाला बाल्कनीच नाही, त्यामुळे प्रश्न मिटला :)

इंजिनिअरच शेवटी, एक्सेल उघडलं. डबलबेड साडेसहा बाय सहा, म्हणजे ३९ चौरस फूट. घराचा सहावा हिस्सा नुसता झोपायला! बेड कटाप. कपाट तीन बाय दीड, पण दारं उघडायला समोर तेवढीच जागा लागते. म्हणून सरकत्या दारांचं.

मग बायको म्हणाली, "बाबांचे गुडघे दुखतात. ते आले की खाली गादीवर कसे झोपणार?"

सोफा-कम-बेड हवाच. त्यासाठी तिने स्वतःच पुस्तकांच्या रॅकवर काट मारली. कॉलेजपासून जमवलेली पुस्तकं. एक शब्द बोलली नाही.

बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत अख्खी कुटुंबं वाढली. त्यांनी जमीन संपली की माळा काढला. आमच्या दारावर छतापर्यंत अडीच फूट मोकळे आहेत. पुस्तकं तिथे.

असो. रविवारी सुतार येतोय. तिला अजून सांगितलं नाहीये.