भंगार नाही, व्हिंटेजही नाही

माझ्या गाडीला आज काय भाव येईल असं कुणी विचारलं की मी विम्याचा कागद पुढे करते. त्यावरचा आकडा बघून विचारणारा गप्प होतो. तेवढ्या पैशांत आज एखादा बरा मोबाइल येतो. गेल्या वर्षात गाडीवर किती खर्च झाला, तो हिशेब मात्र मी कुणाला दाखवत नाही. घरात तर मुळीच नाही.

गाडी म्हणजे २००२ ची फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स. लाल. पालिओ म्हटलं की लोकांना आधी जाहिरातीतला सचिन आठवतो. त्याच वर्षी सचिनने डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, चावी द्यायला साक्षात मायकेल शूमाकर. फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली. तेव्हा माझ्या गाडीचं फेरारीशी नातं आहे, चुलत-मावस का होईना, असं मी आजही ऐटीत सांगते.

ऐट अगदीच फुकाची नाही. एवढ्याशा गाडीत १५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि शंभर हॉर्सपॉवर. त्या काळी याच आकाराच्या इतर गाड्या पन्नास-साठ हॉर्सपॉवरमध्ये खूश होत्या. शंभरचा मोबदला पेट्रोल पंपावर मोजावा लागायचा, शहरात लिटरला नऊ, फार तर दहा. मायलेज विचारल्याशिवाय गाडीचं दार न उघडणाऱ्या आपल्या समाजात तिचं काय होणार हे ठरलेलंच होतं. सेकंड हँड बाजारात तिचा भाव कोसळला आणि म्हणून २००६ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ती परवडली. पहिला मालक गुळाचा व्यापारी होता. "गाडी झकास आहे, पण लई पिते," एवढंच त्याने सांगितलं. व्यापाऱ्याच्या मानाने फारच प्रामाणिक बोलणं.

बाबांना दाखवायला नेली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं नाही की टायर बघितले नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, सोडून दिलं, आवाज ऐकला. पुन्हा एकदा तेच केलं. मग म्हणाले, "कुर्ल्याचीच आहे. घे." त्यांची स्वतःची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार झाली, तिचीच पुढे पद्मिनी झाली आणि अखेरच्या काळात त्याच जागेवर पालिओ बनली. बाबांच्या लेखी हे घराणं होतं. मॉडेल बदललं म्हणून घराणं थोडंच बदलतं!

गाडी खरी कळली ती गगनबावड्याच्या पलीकडे. कोल्हापूरहून कोकणात उतरायला आम्हाला करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे घाट आहेत. त्यातल्या करूळ घाटावर माझा जीव. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या भरवशावर यायचं, ब्रेकला हात जोडायचे. परतीच्या चढाला मात्र मजा. वळणाआधी तिसऱ्यातून दुसरा टाकायचा, वळणाच्या मध्यावर पाय दाबायचा, आणि काटा साडेचार हजारांच्या पुढे गेला की इंजिनाचा सूर बदलतो. तोवर ती घरंदाज बाई असते, तिथून पुढे कोण असते ते सांगायची सोय नाही. स्टिअरिंग जड आहे, पण त्यातून रस्ता हाताला कळतो. खडी कुठे आहे, ओल कुठे आहे. आताच्या गाड्यांचं स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. त्या बोटाला कळत काहीच नाही.

हे सगळं टिकवायचं तर काय करावं लागतं, यावर माझ्या मिस्त्रींचं एकच मत आहे. "गाडी उभी केली की मेली बघा, वहिनी." जुनी गाडी जपायची म्हणजे कव्हर घालून पार्किंगमध्ये ठेवायची आणि दसऱ्याला हार घालायचा, असा पुष्कळांचा समज असतो. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, ऑइल सील सुकतात, आणि उंदरांना वायरिंगची गोडी लागते. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी त्या शिक्क्याचं वय झालं की टायर बदलायचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि नेमक्या घाटात पाय पोकळ जातो. हे मी वर्गात शिकवण्याच्या लायकीचं उदाहरण आहे आणि शिकवतेही. टायमिंग बेल्टच्या बाबतीत तर उधारी चालतच नाही. या इंजिनाचे दोन्ही कॅमशाफ्ट त्या एका रबरी पट्ट्यावर चालतात. चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याची भीती, मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. पट्टा दिसायला कितीही चांगला असो, मुदत संपली की उतरवायचा.

गंजाचं गाऱ्हाणं वेगळं. कोल्हापूरचा पाऊस आणि वर कोकणातल्या फेऱ्या. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती पानांच्या चुऱ्याने बुजतात, दारात पाणी साठतं आणि पत्रा आतून कुजतो. मृगाच्या आधी एक तार घेऊन ती भोकं मोकळी करणं हा आमच्या घरातला पावसाळी विधी आहे. लोणच्याच्या आधी तो उरकतो.

पण खरा प्रश्न पार्टचा. उत्पादन कुर्ल्याहून रांजणगावला गेलं, पुढे पालिओ बंद झाली, २०१९ च्या आसपास फियाटचं नावही इथल्या शोरूममधून गेलं. रांजणगावात आता जीप बनतात. माझ्या गाडीचे पार्ट आता कंपनीच्या नव्हे, माणसांच्या भरवशावर मिळतात. पुण्यात कुणाच्या माळ्यावर क्लच प्लेट निघते, मुंबईत भंगारवाल्याकडे आरसा. आणि जे कुठेच मिळत नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार होतं.

गिअर लिव्हर खुळखुळायला लागला तेव्हाची गोष्ट. लिंकेजमधला बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा बुश झिजला होता. तो सुटा मिळत नव्हता, अख्खी जोडणीच घ्या असं एका दुकानदाराने सांगितलं, आणि ती त्याच्याकडेही नव्हती. मिस्त्री मला शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवर घेऊन गेले. शेतीपंपांच्या इंजिनांचे भाग करण्यात हयात गेलेले काका. त्यांनी झिजलेला बुश तळहातावर फिरवला, झिजला नव्हता त्या बाजूने व्हर्निअर लावला, पेन्सिलीने भिंतीवरच तीन आकडे लिहिले. पांढऱ्या नायलॉनचा दांडा चकमध्ये आवळला. टूल लागताच त्यातून अखंड, पांढरी, कुरळी फीत निघू लागली आणि त्यांच्या चपलेवर साठत गेली. आतलं भोक घेताना ते दोनदा थांबले, मशीन बंद करून पिन घालून बघितली. शेवटी मोजलं त्यापेक्षा किंचित जास्त पोखरलं. मी कारण विचारलं.

"नायलॉन पाणी पितंय, वहिनी. पावसात फुगतंय. आज फिट्ट केला तर जुलैत गिअर पडायचा न्हाई."

रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे, आणि पॉलिअमाइडची जलशोषकता चालवून दाखवणारे ते. पैसे किती, तर चहाच्या दोन फेऱ्यांइतके. तो बुश आजही गाडीत आहे. काकांचा मुलगा आता तीच जागा कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने सांभाळतो. तो फार हुशार आहे, पण एक नग करत नाही, शंभरची ऑर्डर लागते. त्याचं गणित मला पटतं. माझ्या गाडीचं काय, एवढाच प्रश्न उरतो.

अलीकडे आणखी एक भानगड झाली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. २००२ च्या गाडीचे रबरी होज, गॅस्केट, सील या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. शिवाय त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणजे आधीच पिणारी गाडी आणखी पिणार. टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी रबरी नळी मी बदलून घेतली, इथेनॉल सोसणारी बसवली. गंमत अशी की सासरचा ऊस कारखान्याला जातो आणि कारखाना इथेनॉल करतो. उसाचं बिल वेळेवर यावं म्हणून इथेनॉलचा जयजयकार करणारं आमचंच घर, आणि होज फुटू नये म्हणून बॉनेटखाली वास घेत उभी राहणारीही त्याच घरातली सून.

आणि मग पासिंग. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी नेऊन नोंदणीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी तेच, सोबत पर्यावरण कर. चॅसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि त्याचा ठसा अर्जाला जोडायचा. त्या कामाला मी आवडीने जाते, कारण कुणीतरी माझी गाडी खाली वाकून बघतं. नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० वर गेली. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली, हे कळल्यापासून मी पेपरातली एकही परिवहनाची बातमी सोडत नाही.

धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नको, हे मला मान्य आहे. पीयूसीत माझी गाडी नापास झाली तर मी स्वतः ती उभी करीन. पण तपासणीत पास होणाऱ्या गाडीला केवळ जन्मसालावरून दंड करणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्या नियमांत गाडीला दोनच प्रतिष्ठित अवस्था आहेत, नवी आणि व्हिंटेज. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे माझी पालिओ २०५२ मध्ये मानकरी होणार. आणि त्यातही मेख अशी की व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच बाहेर काढायची. म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत, मारूनच ठेवायची. पन्नास वर्षांच्या गाड्या जपणारे लोक हवे असतील तर त्या गाड्यांनी आधी विशी, तिशी आणि चाळिशी पार करायला हवी. त्या मधल्या वर्षांत तिला सांभाळणाऱ्याला सवलत सोडा, साधं ओळखीचं नावही नाही.

पुढचं पासिंग २०२७ मध्ये आहे. त्याआधी मागचा डावा दिवा बदलायला हवा, त्याची काच तडकली आहे आणि ती कुठल्याही लेथवर होत नाही. पालिओचा मागचा डावा दिवा कुणाच्या गॅरेजात, माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असेल तर भंगारात घालू नका. कोल्हापुरात गिऱ्हाईक आहे, आणि घासाघीस करणार नाही.