मोठ्या घरचे स्थळ

अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात, ऑक्सफर्ड नावाचे टुमदार गाव आहे. वस्ती सुमारे २५ हजार. कादंबरीकार विल्यम फॉकनर येथलाच. त्याचे घर आता विद्यापीठाच्या ताब्यात आहे, आणि लिहिण्याच्या खोलीच्या भिंतीवर त्याने ‘अ फेबल’ या कादंबरीचा आराखडा चक्क लिहून काढलेला आहे. आमच्यासारखा भाषेचा मास्तर तेथे जातो तो ही भिंत पाहायला. पण शरदातल्या शनिवारी फॉकनरला विचारतो कोण? त्या दिवशी ६० हजारांवर माणसे कॉलेजच्या पोरांचा फुटबॉल पाहायला लोटतात. (हा फुटबॉल आपला नव्हे, चेंडू लांबुळका, डोक्यावर शिरस्त्राण, आणि पायापेक्षा हाताचेच काम जास्त.) सामन्याआधी ‘ग्रोव्ह’ नावाच्या राईत तंबू पडतात. झाडांखाली टेबलांवर स्वच्छ चादरी, चांदीची भांडी, काही तंबूंत तर झुंबरेसुद्धा! बायकापुरुष लग्नाला आल्यासारखे नटलेले. आपल्याकडची जत्रा आणि व्याह्यांची पंगत एकत्र आणली, तर असे काहीतरी दिसेल.

अशा गावचा मुख्य प्रशिक्षक म्हणजे संस्थानिकच. लेन किफिन येथे ६ हंगाम होता. २०२५ साली त्याच्या संघाने १२ पैकी ११ सामने जिंकले, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत जागा मिळणार हे दिसू लागले, आणि नेमक्या त्याच वेळी, ३० नोव्हेंबरला, गडी शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूझला निघून गेला! विमानतळापाशी जमलेल्या लोकांनी त्याला जो निरोप दिला, त्याचे वर्णन दिवाळी अंकात न केलेलेच बरे.

असे का करावे माणसाने? आपल्याकडे मुलीसाठी स्थळ पाहतात, तशी तेथे प्रशिक्षकांसाठी स्थळे पाहिली जातात. घर केवढे, जमीनजुमला किती, आणि मुख्य म्हणजे सासू कशी! बॅटन रूझचे घर मोठे, यात शंका नाही. लाखाहून अधिक प्रेक्षकांचे स्टेडियम, त्याच्यासमोर प्रशस्त आवारात पाळलेला खराखुरा वाघ, राज्यात खेळाडूंचे पीक भरघोस, आणि त्यात वाटेकरी असे दुसरे तोलामोलाचे विद्यापीठ नाही. निक सेबन, लेस माइल्स, एड ऑर्जरॉन अशा ओळीने आलेल्या तिघांनी २००३, २००७ आणि २०१९ च्या हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद आणले. ऑक्सफर्डला १९६३ नंतर, २०२५ पर्यंत, आपल्या गटाचेसुद्धा अजिंक्यपद मिळाले नव्हते.

पण सासू! माइल्सला २०१६ साली हंगाम चालू असताना घालवले. ऑर्जरॉन विजेतेपदानंतर दोनच वर्षांत गेला. नोटर डेमसारखे मातबर घराणे सोडून आलेला ब्रायन केली चौथ्या हंगामात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, घराबाहेर. जाताना करारापोटी त्याचे देणे निघाले ते ५ कोटी डॉलरांच्या वर! त्या देशात अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, फुटबॉलचा प्रशिक्षक असतो. प्राध्यापकांच्या पगाराचा विषय येथे काढीत नाही.

नेब्रास्का राज्यातल्या लिंकनची तऱ्हा वेगळी. १९६२ पासून तेथल्या घरच्या सामन्यांची तिकिटे संपत आलेली आहेत. टॉम ऑस्बर्नने २५ हंगामांत २५५ सामने जिंकले. त्याच्यामागून आलेल्या फ्रँक सोलिचने ५८ जिंकले, १९ हरले. २००३ साली त्याच्या हाती नारळ दिला. का, तर पूर्वीचे वैभव राहिले नाही. त्यानंतर किती आले आणि गेले, ते वैभव काही परतले नाही. राज्यात खेळाडू थोडे, हिवाळा कडक. भिंतीवरची वाडवडिलांची तसबीर मात्र भलीमोठी.

मला विचाराल तर बिल स्नायडर खरा शहाणा. १९८९ साली त्याने कॅन्सस राज्यातले मॅनहॅटन पत्करले. हे न्यू यॉर्कचे नव्हे. गवताळ टेकड्यांमधले लहानसे गाव. संघ ओळीने २७ सामने विजयाविना. अशा घरात कोण मुलगी देईल? पण १९९८ च्या नियमित हंगामात याच संघाने ११ पैकी ११ सामने जिंकले. स्नायडर २००५ साली निवृत्त झाला, स्टेडियमला त्याच्या कुटुंबाचे नाव लागले, आणि तरीही २००९ मध्ये त्याला पुन्हा बोलावून घेतले. मग तो २०१८ पर्यंत राहिला.

किफिनला नव्या घरी वर्षाला १ कोटी डॉलरांहून अधिक मिळतात. इकडे ऑक्सफर्डने त्याचाच सहायक पीट गोल्डिंग याला गादीवर बसवले, आणि तो संघ जॉर्जियाला हरवून जानेवारी २०२६ मध्ये उपान्त्य सामना खेळला. बॅटन रूझच्या मंडळींनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला असेल.