ऑगस्टमधलं नांदूरमधमेश्वर

डिसेंबर-जानेवारीत नांदूरमधमेश्वरला बदकं बघायला गर्दी लोटते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा आहे. त्याच्यामागे गाळ साचत गेला आणि हे पाणथळ तयार झालं. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते गाजलंही. ऑगस्टमध्ये मात्र निरीक्षण मनोरे ओस पडलेले असतात. पाहुणे पक्षी गेलेले असतात, पण इथल्या कायमच्या पक्ष्यांची वीण तेव्हाच ऐन भरात असते. तिची नोंद करायला आम्ही काही स्वयंसेवक पावसाळ्यात जातो.

हे काम थंडीतल्या पक्षीगणनेहून अगदी वेगळं. किती पक्षी दिसले यापेक्षा पक्षी काय करतोय, हे महत्त्वाचं. नर नुसता गात असेल तर विणीची शक्यता. जोडी त्याच जागी पुन्हा पुन्हा दिसली तर दाट शक्यता. चोचीत किडा धरून एखादा पक्षी त्याच झुडपात सारखा शिरत असेल तर खात्री. घरटं शोधायला पाणकणसात घुसायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

एकदा चापडगावच्या बाजूने दुर्बिणीत टिबुकलीचं घरटं सापडलं. घरटं कसलं, कुजक्या पाणवनस्पतींचा तरंगता ढीग. वर घार घिरट्या घालू लागली, तशी टिबुकली उठली. चोचीने ओला पाला ओढून तिने अंडी भराभर झाकली आणि बुडी मारली. उरला नुसता ढिगारा. "काका, तिनं पांघरूण घातलं!" आमच्यातली शाळकरी मुलगी हळूच म्हणाली. तक्त्यावर तिनेच 'खात्री' लिहिलं.

थोडं पुढे लांब शेपटीचा कमळपक्षी पानांवर बसून होता. याच्यात अंडी उबवतो नर, पिल्लंही तोच सांभाळतो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. त्यामुळे इथे बसलेला एकेक नर म्हणजे एकेक घरटं.

दारणा, गंगापूर धरणांमधून विसर्ग वाढला की असली घरटी वाहून जातात. पुराआधीची नोंद नसेल, तर ती होती हेही कुणाला कळणार नाही. पूर आपल्या हातात नाही, पण माणसाची ये-जा आहे. फोटोसाठी कुणी जवळ गेलं की उबवणारा पक्षी उठतो, अंडी उघडी पडतात आणि कावळ्यांचं फावतं.

म्हणून पक्षीप्रेमींना कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यातही या, दुर्बीण आणि वही घेऊन या, वन खात्याच्या परवानगीने या. घरट्याचा फोटो मात्र काढू नका, आणि त्याची जागा कुणाला सांगू नका.